विशेष बी.एड. : ऑटिझम घेऊ की बौद्धिक अक्षमता? नोकरी कोकणातच करायची आहे

दाभोळखाडी

नमस्कार मंडळी. मी दाभोळची. दापोलीला बी.ए. झालं, मानसशास्त्र घेऊन, ५८ टक्के. सध्या गावातल्या एका खासगी बालवाडीत ताई आहे. पगार सांगण्यासारखा नाही, पण चालत जाता येतं आणि मुलं गोड आहेत.

आमच्याकडे जूनपासून एक मुलगा येतो. पाच वर्षांचा. हाक मारली तरी वळत नाही, पाणी हवं असेल तर माझा हात धरून माठाकडे नेतो, तोंडाने मागत नाही. पण वर्गात कल्ला वाढला की खणखणीत आवाजात म्हणतो, ‘पुढं घ्या, पुढं घ्या, गाडी पुढं घ्या!’ धोपाव्याच्या फेरीबोटीवर गाड्या लावून घेणारा माणूस ओरडतो ना, अगदी त्याच सुरात. बाकीची मुलं हसून लोळतात. रत्नागिरीला तपासणी झाली, ऑटिझम आहे असं सांगितलं. आता त्याची आई रोज दारात थांबते आणि विचारते, ‘ताई, ह्याला शिकवायचं कसं?’ तिला काय सांगू?

म्हणून विशेष बी.एड., म्हणजे अशा मुलांना शिकवणाऱ्या शिक्षकाची पदवी, करायचं मनात पक्कं बसलंय. बाबा म्हणतात साधं बी.एड. कर, कुठेही चालेल; मुंबईला सोडायला कां-कूं करतायत. मला दोन गोष्टी कळत नाहीत. एक, ऑटिझम हा विषय घेऊन पदवी करावी की बौद्धिक अक्षमता घेऊन? ऑटिझमवाली महाविद्यालयं हाताच्या बोटावर मोजण्याइतकीच दिसतायत. दुसरं, हे करून इकडे परत आले तर काम मिळेल का, की मुंबई-पुण्यातच राहावं लागेल? माझं इंग्रजी बेताचं आहे हेही सांगून ठेवते.

तुतारीची_प्रवासी

मी चिपळूणची, सध्या मुंबईत विशेष बी.एड. करतेय, बौद्धिक अक्षमता घेऊन. तिसरं सेमिस्टर चालू आहे, त्यामुळे ताजं ताजं सांगते.

पदवीला ५० टक्के लागतात, तुझे आहेत. महाविद्यालय भारतीय पुनर्वास परिषदेचं मान्यताप्राप्त हवं, हे सगळ्यात आधी बघ. पास झाल्यावर परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव लागून सीआरआर नंबर मिळतो. तो नसताना विशेष शिक्षक म्हणून काम करणं हा परिषदेच्या १९९२ च्या कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. (हजार रुपये! मुंबईत माझ्या खोलीचं लाइट बिल त्याहून जास्त येतं.) दुसरं म्हणजे परिषदेने आता बारावीनंतरच्या चार वर्षांच्या एकात्मिक पदवीची दिशा धरली आहे. तुझ्यासारख्या आधीच पदवी झालेल्यांनी दोन वर्षांच्या कोर्सला कुठे, कोणत्या वर्षी प्रवेश चालू आहे ते नीट बघूनच पैसे भरावेत.

विषयाचं म्हणशील तर मी बौद्धिक अक्षमता सांगेन. आपल्याकडे जिल्ह्या-तालुक्यात ज्या विशेष शाळा आहेत त्या बहुतेक ‘मतिमंद मुलांची शाळा’ म्हणूनच मान्यता घेतलेल्या, जाहिरातीत पण तीच अट असते. आणि आमच्या अभ्यासक्रमात ऑटिझम अजिबात नसतो असं नाही. अध्ययन अक्षमता, बौद्धिक अक्षमता आणि ऑटिझम या तिन्हींचा मिळून एक पेपर सगळ्यांनाच असतो.

इंग्रजीची भीती मलाही होती. तास मराठी-हिंदी-इंग्रजी मिसळून होतात, पुस्तकं मात्र जवळपास सगळी इंग्रजी. वेळ खाते ती प्रात्यक्षिकं. पाठ टाचण, केस स्टडी, शैक्षणिक साहित्य. आमच्या खोलीत भाताच्या कुकरपेक्षा फेविकॉलचा डबा मोठा आहे.

राजापूरच्या_बाई

दाभोळच्या मुली, आधी तुझ्या त्या ‘पुढं घ्या’बद्दल बोलते, पदवी कुठे पळून जात नाही.

ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं, कधी लगेच तर कधी महिन्यांनी म्हणणं, ह्याला इकोलेलिया म्हणतात. पूर्वी ही निरर्थक बडबड समजून बंद पाडायला शिकवत. १९८० च्या दशकात बॅरी प्रिझंट आणि त्यांच्याबरोबरच्या संशोधकांनी मुलांच्या अशा बोलण्याच्या नोंदी तपासल्या आणि दाखवून दिलं की त्यात हेतू असतो : मागणं, नकार, स्वतःला धीर देणं, काहीही. आता तू विचार कर. फेरीबोटीवर ‘पुढं घ्या’ झालं की काय होतं? कोंडी सुटते, गाड्या हलतात. तुझा मुलगा नेमका कल्ला वाढल्यावर ते म्हणतो. मला वाटतं, तो ‘मला इथून बाहेर काढा’ म्हणतोय. पण मी राजापुरात बसून वाटून घेण्यात अर्थ नाही. तू एका वहीत तीन रकाने आख. आधी काय घडलं, तो काय म्हणाला किंवा काय केलं, त्यानंतर काय झालं. दोन आठवडे फक्त लिही, लगेच सुधारायला जाऊ नको. अंदाज बरोबर निघाला तर बालवाडीच्या पायरीचा फोटो काढून त्याच्या हाताशी लाव, आणि कल्ला वाढायला लागला की तो फोटो तुझ्या हातात द्यायला शिकव. फोटो दिला की ताबडतोब बाहेर. ‘थांब हं, गाणं संपू दे’ म्हटलंस तर फोटोची किंमत शून्य.

ही तीन रकान्यांची वही म्हणजे अर्धी पदवी. खरंच सांगते. विशेष शिक्षिका म्हणून जेटीजवळच्या एका प्राथमिक शाळेत मी जात असे, तिथे तिसरीतला मुलगा रोज दुपारच्या सुमारास वर्गातून पळायचा. गुरुजी म्हणत, भूक लागते, घरी पळतो. पोषण आहार लवकर देऊन पाहिला, तरी पळायचाच. वहीत लिहायला लागलो तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. पळायच्या आधी तो शर्टाची कॉलर नाकावर ओढायचा, आणि पावसाळ्यात तो कधीच पळाला नव्हता. मग उजेड पडला. उघडिपीत दुपारकडे वारा समुद्रावरून यायला लागला की जेटीवर वाळत घातलेल्या बोंबील-सुकटीचा वास थेट त्याच्या खिडकीत. आपल्याला सवयीने तो वास येतसुद्धा नाही, त्याला तो असह्य. बाक उचलून डोंगराच्या बाजूच्या भिंतीशी नेला, पळणं जवळजवळ थांबलं. संवेदनांचा हा भाग २०१३ च्या डीएसएम-५ (निदानासाठी वापरतात ती अमेरिकी पुस्तिका) पासून ऑटिझमच्या निकषांतच आहे, परीक्षेत पाच मार्कांना येतो. पण सुकटीचा वास कुठल्या पुस्तकात सापडेल?

आता पदवी. तुतारीवाल्या मुलीने कागदोपत्री जे सांगितलं ते बरोबर आहे, विषयाबद्दल मात्र माझं मत उलटं आहे. तिच्या डोळ्यांसमोर विशेष शाळा आहे. कोकणात मुलं शाळेच्या छपराखाली एकत्र सापडत नाहीत, एक ह्या वाडीत, दुसरं खाडीपलीकडे, तिसरं घाटीच्या पायथ्याशी. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सर्वसाधारण शाळांतल्या विशेष शिक्षकांचा प्रश्न धसास लावला, आणि त्यानंतर २०२४ मध्ये आपल्या राज्याने शाळांच्या प्रत्येक केंद्राला एक याप्रमाणे ४८६० विशेष शिक्षकांची पदं मंजूर केली. केंद्राला एक, म्हणजे दहा-बारा शाळांना तू एकटी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारच्या अक्षमता आहेत आणि त्यातली जी केंद्रात असेल ती तुझी. कमी ऐकू येणारी मुलगी ‘माझा विषय नाही’ म्हणून सोडता येणार नाही. म्हणजे शिक्का कुठलाही असो, गाडी सगळ्या रस्त्यांवर चालवायची आहे. मग शिकताना अवघड रस्ता शिकून घ्यावा. ऑटिझमसाठी जी पद्धत लागते, म्हणजे दिवसाचा क्रम चित्रांत दाखवणं, कामाची जागा आखून देणं, एका वेळी एकच सूचना, ती बौद्धिक अक्षमतेच्या मुलांनाही उपयोगी पडते. उलट बाजूने तितकं जमत नाही, असा माझा अनुभव.

तरीही महाविद्यालयात ऑटिझमची पाटी असून सरावाच्या शाळेत ऑटिझमची मुलंच नसतील तर ती पाटी चाटायची आहे का? त्यापेक्षा बौद्धिक अक्षमतेचं चांगलं महाविद्यालय घे. नवी मुंबईत एनआयईपीआयडी या बौद्धिक अक्षमतेवरच्या राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे, जुहूला एसएनडीटीचा विशेष शिक्षण विभाग आहे. जाऊन बघ, चहा पी, शिकणाऱ्या मुलींशी बोल. फक्त ऑटिझमवरच काम करणारी जुनी संस्था म्हणजे दिल्लीची ‘अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम’, १९९१ ची, तिथे पदविका चालते. पण तुझे बाबा दाभोळहून मुंबईला सोडायला कां-कूं करतायत, दिल्लीचं नाव काढू नकोस.

दोन वर्षांत काय करून घेतात? थिअरी होतेच. खरा कस लागतो तो सराव पाठांत आणि इंटर्नशिपमध्ये. विशेष शाळेत, दुसऱ्या अक्षमतेच्या शाळेत आणि सर्वसाधारण शाळेत, तिन्हीकडे बसावं लागतं. एका मुलाचं मूल्यमापन करून त्याचा वैयक्तिक शैक्षणिक कार्यक्रम लिहायचा, म्हणजे आयईपी. तिथे भल्याभल्यांची तारांबळ उडते, कारण ‘संभाषण कौशल्य सुधारेल’ असलं वाक्य निरीक्षक बाई लाल शाईने खोडतात. कोणाजवळ, कशाने, कधी, किती वेळा? ‘मधल्या सुट्टीत पाणी हवं असताना माठाचं कार्ड ताईंच्या हातात देईल’ असं लिहिलं की मग सही. तुझ्या मुलाला ज्याने तपासलं त्याने बहुधा आयसा वापरली असेल, चाळीस मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी. तीही तुला हाताळायला शिकवतील.

आणि कार्डांचं ऐक. चित्र देऊन वस्तू मागायची पद्धत, पेक्स, अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट या दोघांनी १९८५ मध्ये अमेरिकेत बसवली. सहा टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात दोन मोठी माणसं लागतात. एकाने समोर वस्तू धरून बसायचं, दुसऱ्याने मागून मुलाचा हात कार्डाकडे न्यायचा, आणि कार्ड हातात पडेपर्यंत कोणी तोंडातून शब्द काढायचा नाही. महाविद्यालयात दुसरं माणूस म्हणजे वर्गमैत्रीण. इकडे दुसरं माणूस म्हणजे आजी. आजीला गप्प बसायला शिकवणं हा सातवा टप्पा, तो अमेरिकेत सुचला नसणार. मूल कार्डाला हात लावायच्या आत आजी म्हणते, ‘घे रे सोन्या, लाडू हवा ना तुला?’ आणि लाडू त्याच्या तोंडात. मी एका आजीला मुलाच्या मागे बसवून हात धरायचं काम दिलं, समोर आईला बसवलं. हात गुंतल्यावर तोंड आपोआप मिटलं.

विकतच्या संचातली चित्रं आणू नकोस. त्यात सफरचंद, केक आणि पाश्चात्त्य कमोड असतो. त्याचंच ताट, त्याचाच माठ, त्याच्याच चपलेचा फोटो काढ. लॅमिनेट करताना चारी कडांना रुंद पट्टी सोड, नाहीतर आषाढात आत पाणी शिरून बुरशी धरते. वेल्क्रोही पावसात सुटतो. मी डब्याच्या झाकणाला चुंबक लावते.

मालवणचो_बापूस

मालवणीतच लिवतंय, सांभाळून घेवा. माझो झील बारा वर्षांचो, ऑटिझम असा. धाकटो होतो तेव्हा एका शाळेन सरळ सांगल्यान, ‘हयसर असल्या पोरांची सोय नाय.’ कायदो काय म्हणता ता तेव्हा माका खय म्हायत?

आता आमच्याकडे एक बाई येता, हप्त्यातसून एकदा. तिची पदवी ऑटिझमची की आणखी कसली, माका आजून म्हायत नाय, आणि मी विचारलंय पण नाय. पयल्या दिवशी तिना काय्येक शिकवल्यान नाय. खळ्यात बसली, नि झील काय करता ता बघीत रवली. माझ्या आवशीक वाटला, ही बाय फुकटचो च्या पिऊक इली. मगे तिना विचारल्यान, दिवसभरात हो आपल्या हातान काय काय करता? आमी एकमेकांच्या तोंडाकडे बघूक लागलो. सगळा आमीच करी होतो.

तिना मोरीतल्या तांब्यापासून सुरवात केल्यान. आता झील आंघोळ आपली आपण करता. सांजच्या कोंबड्यो मोजून खुराड्यात घालता, एक कमी असली तर जेवूक बसणा नाय, आमका सगळ्यांका काजीत शोधूक लावता. 

चेडवा, तू शिक. पण शिकलंस की कागदांचा पण शिक. अपंगत्वाचो दाखलो, दिव्यांगांचा यूडीआयडी ओळखपत्र, असल्या पोरांचो निरामय आरोग्य विमो. लाखापर्यंतचो विमो असा नि आमका तो झील नऊ वर्षांचो झाल्यार कळलो. तो पण त्याच बाईन सांगल्यान, डॉक्टरान नाय.

दाभोळखाडी

बाई, वही सुरू केली. पहिल्याच आठवड्यात दिसलं की नुसता कल्ला नाही, टाळ्यांचं गाणं लागलं की ‘पुढं घ्या’ हमखास येतं. पायरीचा फोटो काढलाय, अजून दिलेला नाही, तुम्ही सांगितलंत तसं आधी लिहितेय.

मालवणच्या काका, कोंबड्यांचं वाचून त्या मुलाच्या आईला वाचून दाखवलं. तिने परत वाचायला लावलं.

अजून एक. त्यांच्या घरी गणपती असतो, मुंबईहून दोन्ही काका सहकुटुंब येतात. गेल्या वर्षी पोराने तीन दिवस जेवण सोडलं म्हणे आणि आरतीला डोकं आपटून घेतलं. आई आत्तापासून घाबरली आहे. काही करता येईल का? आणि बाई, मोठ्या मुलांना तुम्ही काय शिकवता? बाबा विचारतात, ‘पुढे ह्या पोरांचं होतं काय?’

राजापूरच्या_बाई

गणपतीत घोटाळा आरतीपासून सुरू होतच नाही, आधी घर बदलतं तिथे होतो. माजघरातली खाट हलते, त्याच्या रोजच्या कोपऱ्यात मखर येतं, स्वयंपाकघरात अनोळखी बायका. मग चप्पल काढायच्या जागी दहा जोड. त्याला कोणी विचारलेलं नसतं. तेव्हा चतुर्थीच्या आधीच गेल्या वर्षीचे फोटो मोबाइलमधून शोधून छापून घ्या. ओळीने लावायचे : खाट हलणार, काका येणार, गणपती बसणार, आरती, जेवण, विसर्जन, काका जाणार, खाट परत जागेवर. शेवटचे दोन फोटो सगळ्यात महत्त्वाचे. हे संपणार आहे हे त्याला दिसलं पाहिजे. रोज एकदा बोट ठेवून दाखवा, जे झालं तो फोटो उलटा करा. मखर लावताना त्याला पाट उचलून आणायचं काम द्या.

आरतीच्या वेळी झांजा सुरू व्हायच्या आधी त्याला मागच्या पडवीत न्या, झांजा सुरू झाल्यावर नव्हे. बांधकामावर कानाला लावतात तसले मफ हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. आणि मुंबईच्या काकांना फोनवर आधीच सांगा, आल्या आल्या उचलून गालगुच्चे घ्यायचे नाहीत. हे आईला सांगता येणार नाही, सून आहे ती. तू सांग, ‘बाईंनी सांगितलंय’ म्हण.

तुझ्या बाबांना सांग, मोठी मुलं घरात जे काम चालतं तेच शिकतात. एका मुलाच्या घरी आमसुलं करतात. रातांबा फोडणं हे आपल्याला एक काम वाटतं, त्याला मी ते तुकड्यांत शिकवलं : टोपलीतून फळ घे, देठ वर धर, मध्ये काप, वाट्या सोडव, गर-बिया पातेल्यात, साल सुपात. शिकवताना शेवटाकडून सुरुवात केली. बाकी सगळं मी करायची, साल सुपात टाकणं तेवढं त्याचं. ते जमल्यावर गर काढणंही त्याचं, मग वाट्या सोडवणं. काप घ्यायला शिकला तेव्हा रातांब्यांचा दुसरा मोसम आला होता. पुस्तकात ह्याला बॅकवर्ड चेनिंग म्हणतात. फायदा हा की पहिल्या दिवसापासून काम त्याच्या हातून पुरं होतं, अर्ध्यावर कोणी हिसकावून घेत नाही. साली रसात बुडवून पुन्हा पुन्हा उन्हात घालायचं कामही आता तोच बघतो, आणि ढग आला की आईच्या आधी त्याला कळतं.

प्रवेशाचं : महाविद्यालय बघायला जाशील तेव्हा सुट्टीच्या दिवशी जाऊ नकोस, सरावाची शाळा चालू असताना जा आणि मागच्या बाकावर बसू द्या म्हण. बसू दिलं नाही तर तिथूनच परत फीर. बसू दिलं तर बघ, पाठ चालू असताना निरीक्षक कुठे आहेत, वर्गात की ऑफिसात. आणि परिषदेच्या संकेतस्थळावरच्या यादीत महाविद्यालयाचं नाव, अभ्यासक्रमाचं नाव आणि मान्यतेचं वर्ष, तिन्ही जुळल्याशिवाय बाबांना डीडी काढायला लावू नकोस.